साखळीतली एक कडी

इस्रायलच्या उत्तर भागातल्या एका बेदुइन जमातीत दहा वर्षांच्या काळात नऊ मुलं अचानक दगावली. चार मुली, पाच मुलगे. सरासरी वय सात. आणखी बारा मुलांची शुद्ध अधूनमधून हरपायची, फिट यायची, आणि याची सुरुवात साधारण सहाव्या वर्षाच्या सुमाराला व्हायची. असे झटके येत ते धावपळीत, खेळात, नाहीतर मन एकदम उचंबळून आल्यावर. शांत झोपवून ईसीजी काढला तर त्यात खोट सापडत नव्हती. इको काढला तर झडपा, कप्पे, भिंती सगळं जागच्या जागी. डोळ्यांत भरावी अशी एकच गोष्ट होती: या मुलांची विश्रांतीतली नाडी त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा बरीच संथ चालायची. आईवडील धडधाकट होते. आणि प्रत्येक जोडपं आपसांतल्या नात्यातलं होतं.

तेल हशोमेरच्या शीबा मेडिकल सेंटरमधल्या हादास लाहात, मायकेल एल्दार, एलोन प्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली याचा छडा लावला. आईवडील निरोगी, मुलं आजारी आणि घराण्यात नात्यातली लग्नं, एवढं कळलं की आनुवंशिकीचा अभ्यासक पहिला तर्क एकच करतो. आजार अप्रभावी पद्धतीने उतरतोय, म्हणजे मुलाला जनुकाची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मिळाली तरच तो दिसतोय. अशा वेळी आजारी मुलांच्या गुणसूत्रांवर असा टापू शोधायचा, जिथे आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली प्रत अक्षर-अक्षर सारखी आहे, आणि तोच टापू सगळ्या आजारी मुलांत सामाईक आहे. तो सापडला पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर. त्या टापूत अनेक जनुकं होती, पण एकावर लगेच नजर जावी असं होतं, कारण ते हृदयाच्या स्नायूपेशीत कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन बनवतं. प्रथिनाचं नाव कॅल्सीक्वेस्ट्रिन, जनुकाचं नाव कॅस्क्यू-२. त्यातलं एकच अक्षर बदललेलं निघालं.

एका अक्षरानं धावतं मूल कसं कोसळतं, हे समजायला आधी एका ठोक्यात काय काय घडतं ते पाहावं लागेल. आणि नंतर आणखी एक गोष्ट पाहायची आहे, जी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रोचक वाटते. आजार अप्रभावी की प्रभावी, हे आपण शाळेत जनुकाच्या अंगी असलेला गुण म्हणून शिकतो. मेंडेलचे वाटाणे, मोठा 'टी' आणि छोटा 'टी'. प्रत्यक्षात तो निर्णय जनुक घेत नाही. त्यापासून बनलेलं प्रथिन पेशीत कुणाच्या शेजारी, कसं उभं राहतं यावर तो ठरतो. कॅल्सीक्वेस्ट्रिनइतकं स्वच्छ उदाहरण याला क्वचितच मिळेल.

स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. हे पहिल्यांदा ध्यानात आलं लंडनमध्ये, तेही नळाच्या पाण्यामुळे. सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. ते पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचं होतं, हे त्यांना पहिला निबंध छापून झाल्यावर कळलं. शुद्ध पाणी वापरून पाहिलं तर हृदय थोड्याच वेळात थांबलं. नळाच्या पाण्यात असलेलं आणि शुद्ध पाण्यात नसलेलं ते काहीतरी म्हणजे कॅल्शियम, हे त्यांनी १८८३ साली दाखवून दिलं. पेशीत हे कॅल्शियम नेमकं कुणाला जाऊन चिकटतं, हे कळायला मात्र आणखी ऐंशी वर्षं गेली. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधलं, तेव्हा चित्र पुरं होऊ लागलं.

चित्र असं आहे. विश्रांतीत असलेल्या पेशीच्या रसात मोकळं कॅल्शियम जवळपास नसतंच. पेशीबाहेरच्या द्रवात ते दहा हजार पट जास्त असतं. पेशी ऊर्जा खर्च करून हा फरक टिकवते, कारण तिचा सगळा कारभार या फरकावर चालतो. आतली पातळी क्षणभर दहापट वाढली की कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटतं, स्नायूतले दोन प्रकारचे तंतू एकमेकांत सरकतात आणि पेशी आखडते. कॅल्शियम काढून घेतलं की पेशी सैलावते. हृदयाला हे दिवसातून सुमारे एक लाख वेळा करायचं असतं, म्हणून प्रत्येक वेळी सगळं कॅल्शियम बाहेरून आणणं आणि बाहेर नेऊन टाकणं परवडत नाही. साठा घरातच लागतो.

हा साठा पडद्यांच्या एका जाळीत असतो. आकुंचन पावणाऱ्या तंतूंभोवती ती गुंडाळलेली असते. पाठ्यपुस्तकात तिचं नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. मी तिला नुसती जाळी म्हणेन. विजेचा संदेश पेशीच्या पृष्ठभागावर आला की तिथल्या वाटेनं बाहेरून थोडंसं कॅल्शियम आत शिरतं. हे थोडंसं कॅल्शियम जाळीवरच्या मोठ्या दरवाजांना उघडायला लावतं. या दरवाजांना रायनोडीन रिसेप्टर म्हणतात, आणि हृदयातल्या प्रकाराचं जनुक आरवायआर-२. दरवाजे उघडले की साठ्यातलं कॅल्शियम भसकन पेशीरसात येतं. ठोका पडतो. मग दरवाजे मिटतात आणि जाळीवरचे पंप ऊर्जा जाळून बहुतेक कॅल्शियम पुन्हा आत ओढतात. उरलेलं थोडं पेशीच्या पृष्ठभागावरचा एक अदलाबदल करणारा रेणू बाहेर टाकतो: एक कॅल्शियम बाहेर, त्याबदली तीन सोडियम आत. हा व्यवहार लक्षात ठेवा, गोष्टीतला खलनायक पुढे इथूनच येतो.

पंपाची एक अडचण आहे. जाळीत मोकळं कॅल्शियम जितकं साचत जाईल, तितकं आणखी आत ढकलणं जड होत जातं. शिवाय जाळीचं घनफळ फार थोडं. मग एवढ्याशा जागेत ठोक्याठोक्याला पुरेल इतकं कॅल्शियम राहावं कसं? उत्तर असं की ते मोकळं ठेवायचंच नाही, कशाला तरी सैलसर चिकटवून ठेवायचं. ते 'कशाला तरी' म्हणजे कॅल्सीक्वेस्ट्रिन. टोरंटोमध्ये डेव्हिड मॅक्लेनन आणि त्यांचे सहकारी वाँग यांनी १९७१ साली सशाच्या स्नायूतून ते वेगळं काढलं.

कॅल्शियम धरणारी प्रथिनं शरीरात पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांची धरायची पद्धत एकच आहे: प्रथिनाच्या साखळीला पडलेली एक नेमकी घडी आणि त्या घडीत कॅल्शियमचा एक आयन. ही घडी पहिल्यांदा नीट दिसली ती कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिनमध्ये. (मासे खाल्ले की ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं वाकडं याच पार्व्हाल्ब्युमिनशी असतं.) ट्रोपोनिन-सीमध्ये ही घडी आहे, कॅल्मोड्युलिनमध्ये अशा चार आहेत. कॅल्सीक्वेस्ट्रिनमध्ये एकही नाही. त्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या अंगभर अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक ही ऋण विद्युतभाराची अमिनो आम्लं पसरलेली आहेत आणि धन भाराचं कॅल्शियम त्यांच्याकडे ओढलं जातं. कॅल्मोड्युलिन चार आयन घट्ट धरतं, तर कॅल्सीक्वेस्ट्रिनचा एक रेणू चाळीस-पन्नास धरतो, पण सैल. हा सैलपणा कामाचा आहे. दरवाजा उघडताच काही मिलिसेकंदांत कॅल्शियम सुटायला हवं. घट्ट धरणारं प्रथिन इथे निरुपयोगी ठरलं असतं.

त्याहून नवलाची बाब त्याच्या आकारात आहे. सशाच्या कॅल्सीक्वेस्ट्रिनची स्फटिकरचना १९९८ साली उलगडली. एका रेणूत एकमेकांसारखे तीन गोळे दिसले, आणि रेणू जोडीजोडीने उभे. कॅल्शियम कमी असताना ही ऋण भाराची अंगं एकमेकांना दूर लोटतात आणि प्रथिन विस्कटलेलं राहतं. कॅल्शियम वाढलं की भार झाकला जातो, रेणू घट्ट घडी घेतो, दुसऱ्या रेणूशी जोडी जमवतो, आणि मग जोडीला जोडी लागत लांब साखळी तयार होते. जोड्यांच्या सांध्यांमध्ये आणखी कॅल्शियम बसायला जागा होते. म्हणजे साठा भरतो तसतशी साठवण्याची ताकदही वाढते. या साखळ्या जाळीच्या अगदी दरवाजालगतच्या भागात असतात, आणि ट्रायाडिन व जंक्टिन नावाच्या दोन प्रथिनांमार्फत दरवाजाशी जोडलेल्या असतात. जिथून कॅल्शियम सुटायचं, तिथेच ते हाताशी.

आता त्या अक्षराकडे जाऊ. कॅस्क्यू-२ जनुक अकरा तुकड्यांत विभागलेलं आहे आणि त्यावरून ३९९ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं. बेदुइन मुलांत ३०७ क्रमांकाच्या जागी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडीन आलं होतं. डीएनएच्या लिपीत तिथे 'जी' असायला हवा होता, 'सी' होता. ऋण भाराची एक जागा गेली, त्या ठिकाणी वेगळ्याच स्वभावाचं अमिनो आम्ल आलं. सुरुवातीला वाटलं, कॅल्शियम धरायची एक जागा कमी झाली म्हणून आजार झाला असेल. पण चाळीस-पन्नासातली एक जागा गेल्यानं एवढा अनर्थ का व्हावा? पुढे हाच बदल उंदरांमध्ये घडवून पाहिला, तेव्हा खरी गोष्ट कळली. बदललेलं प्रथिन नीट घडी घेत नव्हतं आणि पेशी ते मोडीत काढत होती. हृदयात त्याचं प्रमाण अगदी थोडं उरलं होतं. चुकीचं प्रथिन काम करत होतं असं नाही. प्रथिन जवळजवळ नव्हतंच. फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांना २००२ साली इतर कुटुंबांमध्ये याच जनुकात असे बदल सापडले की प्रथिन मध्येच तुटून अर्धवट राहायचं. तिथेही निष्पत्ती तीच, प्रथिनाचा अभाव.

अभावाचा परिणाम तपासायला २००६ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्योर्न नोलमन यांच्या गटानं कॅस्क्यू-२ पुरतं काढून टाकलेले उंदीर तयार केले. सगळ्यांची अटकळ अशी की साठवणारं प्रथिनच नाही तर साठा होणार नाही, हृदय दुबळं पडेल. तसं झालं नाही. त्या उंदरांच्या पेशींनी जाळीचं घनफळच वाढवून घेतलं होतं, आणि विश्रांतीत हृदय व्यवस्थित आकुंचन पावत होतं. बिघाड उघडा पडला तो उंदीर ताणाखाली आले तेव्हा. बेदुइन मुलांच्या स्वच्छ ईसीजीचं आणि नेटक्या इकोचं कारण हेच.

ताण म्हणजे इथे अॅड्रेनॅलिन. ते हृदयाला दोन गोष्टी करायला लावतं: लवकर ठोके टाक, आणि प्रत्येक ठोका जोरात टाक. जोरात टाकायचा तर साठा अधिक हवा, म्हणून जाळीवरच्या पंपाचा लगाम ढिला केला जातो आणि कॅल्शियम वेगानं आत येऊ लागतं. कॅल्सीक्वेस्ट्रिन असेल तर आलेलं कॅल्शियम त्याच्या अंगावर बसतं आणि जाळीतली मोकळ्या कॅल्शियमची पातळी सावकाश चढते. नसेल तर ती झरझर चढते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी एका पातळीला पोचलं की माणसाविना उघडतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. रायनोडीन रिसेप्टरचंही काहीसं तसंच आहे. आतली पातळी मर्यादेबाहेर गेली की तो विजेचा संदेश नसताना आपणहून उघडतो. फरक इतकाच, की राधानगरीत ती व्यवस्था धरण वाचवण्यासाठी मुद्दाम केलेली आहे, आणि इथे तोच प्रकार घात करतो.

अवेळी सुटलेलं कॅल्शियम पेशी तातडीनं बाहेर टाकू पाहते, आणि इथे मघाचा अदलाबदल करणारा रेणू पुढे येतो. एक कॅल्शियम बाहेर गेलं म्हणजे दोन धन भार बाहेर. तीन सोडियम आत आले म्हणजे तीन धन भार आत. प्रत्येक व्यवहारात पेशीत एक धन भार जमा. असे पुष्कळ व्यवहार एकदम झाले की पेशीचं विद्युत विभव वर सरकतं, आणि पुरेसं सरकलं की तिला वाटतं संदेश आला. एक जास्तीचा ठोका पडतो. तो ठोका हृदयाच्या नेहमीच्या ताल धरणाऱ्या केंद्रातून आलेला नसतो, खालच्या कप्प्यातल्या कुठल्यातरी पेशींतून आलेला असतो. असे ठोके दोन वेगवेगळ्या जागांहून आलटून पालटून पडू लागले की ईसीजीत एक लाट वर, पुढची खाली, पुन्हा वर असं विलक्षण चित्र उमटतं. हृदयरोगतज्ज्ञ ते एकदा पाहिलं की विसरत नाहीत. त्यापुढची पायरी म्हणजे कप्पे नुसते थरथरणं. रक्त मेंदूपर्यंत जात नाही, मूल खाली पडतं, हातपाय झटकले जातात, आणि बघणारे म्हणतात फिट आली.

या आजाराचं लांबलचक नाव कॅटेकोलामिनर्जिक पॉलिमॉर्फिक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. डॉक्टर आपसांत सीपीव्हीटी म्हणतात. झोपवून काढलेल्या ईसीजीत तो सापडत नाही. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवत-पळवत काढलेला ईसीजी, हीच त्याची खरी परीक्षा. म्हणून खेळताना किंवा पोहताना 'फिट' येणाऱ्या मुलाला केवळ मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊन थांबू नये. ज्या मुलाला बसल्याजागी कधीच काही होत नाही आणि धावलं की होतं, त्याच्या हृदयाची तपासणी झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खाल्लेली आणि अखेर सीपीव्हीटी निघालेली मुलं वैद्यकीय वाङ्मयात जागोजाग भेटतात.

आता वारशाचा हिशेब. समजा, एका आजीकडे कॅस्क्यू-२ची एक बिघडलेली प्रत आहे. तिच्या मुलाकडे ती जाण्याची शक्यता निम्मी, नातवाकडे पाव. आजीच्या दोन वेगवेगळ्या मुलांपासून झालेल्या नातवंडांचं आपसांत लग्न झालं, तर दोघांकडेही ती प्रत असण्याची शक्यता सोळात एक, आणि त्यांच्या बाळाला ती दोन्हींकडून मिळण्याची शक्यता चौसष्टात एक. हाच नातू परक्या घरातली मुलगी करता आणि तशी प्रत बाहेर पाचशेत एकाकडे असती, असं केवळ हिशेबापुरतं धरू, तर शक्यता आठ हजारांत एकवर येते. अरब समाजात चुलत भावंडांचं लग्न पसंतीचं. महाराष्ट्रात चुलत वर्ज्य, पण मामाची मुलगी करण्याची रीत अनेक जातींत चालत आलेली; इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली आहे. गोत्राच्या दृष्टीनं या दोन लग्नांत जमीन-अस्मानाचं अंतर. पहिल्या गुणसूत्राला मात्र त्या अंतराची गंधवार्ता नसते. दोन्हीकडे हिशेब चौसष्टात एकच.

पण हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी निभावून नेते. अभावाच्या प्रकारात ते खरं असतं. अर्धं कॅल्सीक्वेस्ट्रिन बहुतेकांना पुरतं. बहुतेकांना म्हणतो, सर्वांना नाही. गेल्या काही वर्षांत अनेक देशांतली कॅस्क्यू-२ची कुटुंबं एकत्र करून पाहिल्यावर, ज्यांना आधी नुसते 'वाहक' म्हणून सोडून दिलं होतं, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांच्या टीएमटीत जास्तीचे ठोके दिसून आले.

आणि मग २०१६ साली एक कुटुंब पुढे आलं, ज्यात आजार सरळ पिढीतून पिढीत उतरत होता. एकच प्रत बिघडलेली, तरी आजार पुरा. जनुक तेच, कॅस्क्यू-२. बदल मात्र १८० क्रमांकाच्या जागी, लायसीनऐवजी आर्जिनीन. रसायनाच्या दृष्टीनं हा फार सौम्य बदल. दोन्ही धन भाराची, दोन्ही जवळपास सारख्या लांबीची. अॅस्पार्टिक जाऊन हिस्टिडीन येणं केवढा मोठा फेरफार, आणि त्यातून आलेला आजार अप्रभावी. लायसीनचं आर्जिनीन होणं क्षुल्लक, आणि आजार प्रभावी. हे उलटंच झालं म्हणायचं.

उलगडा २०२० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला. हृदयातल्या कॅल्सीक्वेस्ट्रिनच्या साखळीची रचना तिथे स्फटिकातून उलगडण्यात आली आणि १८० ही जागा कुठे येते ते दिसलं. ती येते नेमकी जोडी आणि जोडी यांच्या सांध्यात. १७३ क्रमांकाच्या जागी झालेला आणखी एक प्रभावी बदलही त्याच सांध्यात. सौम्य बदलामुळे हे प्रथिन मोडीत निघत नाही. ते व्यवस्थित घडी घेतं, जाळीत जाऊन पोचतं, साखळीत उभं राहतं, आणि पुढच्या कडीला हात देत नाही. निम्मे रेणू चांगले, निम्मे असे. साखळीत सलग दहा कड्या निर्दोष येण्याची शक्यता किती? दहा वेळा दोन मांडून ते एकमेकांत गुणा: हजार चोवीसात एक. ढोबळ हिशेब आहे, खऱ्या साखळ्या इतक्या सरळ वागत नाहीत, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. गैरहजर कडीनं साखळी लहान होते. हजर राहून सांधा न जुळवणारी कडी चांगल्या कड्याही वाया घालवते.

हाच हिशेब शेजारच्या प्रथिनांना लावून पाहिला की मौज वाटते. सीपीव्हीटीचे निम्म्याहून अधिक रुग्ण कॅस्क्यू-२चे नसतातच, आरवायआर-२चे असतात, आणि तिथे आजार प्रभावी असतो. तो दरवाजा एकसारख्या चार भागांचा बनलेला आहे. एका प्रतीत बिघाड असेल आणि भाग आपसांत सरमिसळ होत असतील, तर चारही भाग चांगले असलेले दरवाजे सोळांत एकच. उरलेल्या पंधरांत कुठेतरी खोट. कॅल्मोड्युलिनची गोष्ट तर अधिकच कान उपटणारी. माणसात त्याची तीन वेगवेगळी जनुकं आहेत आणि तिन्ही अगदी हुबेहूब तेच प्रथिन बनवतात; म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून सहा प्रती. सहातल्या एकीत बिघाड झाला तर काय होणार, असं कुणालाही वाटेल. २०१२ साली स्वीडनमधल्या एका कुटुंबात नेमक्या अशा एका प्रतीतल्या एका बदलामुळे सीपीव्हीटी पिढ्यान्‌पिढ्या उतरत असल्याचं दिसलं. प्रत्येक दरवाजावर चार कॅल्मोड्युलिन बसतात. सहाही प्रती सारखंच काम करतात असं धरलं, तर चारांतलं एखादं तरी बिघडलेलं असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच भरते.

हातापायांच्या स्नायूंत कॅल्सीक्वेस्ट्रिनचा दुसरा प्रकार असतो. त्याचं जनुक कॅस्क्यू-१, तेही पहिल्याच गुणसूत्रावर, पण लांब बाहूवर. (आरवायआर-२ही त्याच गुणसूत्रावर आहे. यात काही गूढ अर्थ नाही. पहिलं गुणसूत्र सर्वांत मोठं, तिथे गर्दी असणारच.) इटलीतल्या काही कुटुंबांत २०१४ साली कॅस्क्यू-१मधला एक बदल सापडला. त्यांच्या स्नायूपेशींत कॅल्सीक्वेस्ट्रिनचे नको तेवढे मोठे गोळे साचत होते, थकवा आणि सौम्य अशक्तपणा होता, आणि वारसा प्रभावी. हृदयात साखळीचा सांधा तुटल्याचं दुखणं, इथे नको ते गोळे साचल्याचं.

उपचार सध्या जनुक न पाहता सुरू होतो. अॅड्रेनॅलिनचा जोर कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या, त्यातही नॅडोलोल, रोज न चुकता. तेवढ्यानं भागलं नाही तर फ्लेकेनाइड. हे जुनंच औषध सीपीव्हीटीत कामी येतं, हे नोलमन यांच्याच गटानं २००९ साली दाखवलं. काहींना डाव्या बाजूच्या सिंपथेटिक मज्जातंतूंची शस्त्रक्रिया, काहींना आयसीडी, म्हणजे शरीरात बसवलेली, ताल बिघडला की विजेचा झटका देणारी पेटी. आयसीडीच्या बाबतीत सावधगिरी लागते, कारण तिचा झटका बसला की मूल घाबरतं, अॅड्रेनॅलिन वाढतं आणि पुन्हा तेच चक्र सुरू होऊ शकतं.

जनुकावरच्या उपचारात मात्र आजार कोणत्या जातीचा, हा प्रश्न टाळता येत नाही. सिल्व्हिया प्रिओरी यांच्या गटानं २०१२ साली कॅस्क्यू-२ नसलेल्या उंदरांना निरुपद्रवी विषाणूमार्फत जनुकाची चांगली प्रत दिली. प्रथिन तयार झालं आणि ठोक्यांचा गोंधळ थांबला. अभाव होता, भरून काढला. बेदुइन मुलांच्या प्रकारात ही वाट तत्त्वतः खुली आहे. १८०व्या जागेच्या बदलात किंवा आरवायआर-२मध्ये केवळ चांगल्याची भर घालून भागेल असं नाही, कारण बिघडलेला भाग तिथेच उभा राहतो. तिथे बिघडलेल्या प्रतीचा आवाज बंद करावा लागतो आणि शेजारची, एका अक्षरानंच वेगळी असलेली चांगली प्रत बोलती ठेवावी लागते. आरवायआर-२मध्ये बदल घडवलेल्या उंदरांत त्याच गटानं हेही २०१७ साली करून दाखवलं. त्यासाठी आरएनएचा एक तोकडा धागा असा घडवावा लागला, की तो फक्त त्या एका अक्षराशी जुळेल.